लेबर रूमच हवी, पण कुणाच्या सोबतीनं?

वाचकाचा प्रश्न: पत्र लिहिणारी मुलगी खानापूर तालुक्यातल्या खेड्यातली, बावीस वर्षांची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीनंतर बेळगावात जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. निकाल लागला, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही हातात आलं. विद्यार्थी असताना लेबर रूमची पहिली पोस्टिंग झाली तेव्हाच तिनं ठरवलं, की काम करायचं तर प्रसूतीतच. पण जाईल तिथं उत्तर एकच: "लेबर रूमला अनुभवी सिस्टर लागते, फ्रेशर नको." एका मोठ्या खासगी हॉस्पिटलनं नोकरी देऊ केली आहे, पण "गरज असेल त्या वॉर्डात", बहुधा मेडिकल वॉर्डला. शहरातल्या एका छोट्या मॅटर्निटी होमनं सांगितलंय, "उद्यापासून लेबर रूमला ये." तिथं पगार कमी, आणि मूळ सर्टिफिकेटं दोन वर्षं त्यांच्याकडे ठेवायची. कोल्हापूरची आत्तेबहीण म्हणते, इकडे ये, कन्नडची कटकट नाही. वडील म्हणतात, सरकारी जागा निघेपर्यंत घरी बसून अभ्यास कर. वर्गातल्या एका मैत्रिणीला ओळखीनं लेबर रूम मिळाली, ते मनाला लागलंय. "एकदा दुसऱ्या वॉर्डात अडकले की कायमची तिथलीच होईन का? थांबू, की मिळेल ते घेऊ?"

उत्तर:

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार वाटा लिहिल्यास आणि चारही एकाच मापानं मोजल्यास: लेबर रूम मिळते की नाही. मैत्रिणीला मिळाली म्हणून ती पुढे गेली, तुला मिळाली नाही म्हणून तू मागे. पण त्या लेबर रूममध्ये रात्री तुझ्याबरोबर कोण असेल, हे एकाही वाटेबद्दल लिहिलेलं नाहीस. माझ्या मते पहिल्या नोकरीत आधी विचारायची गोष्ट तीच आहे. वॉर्डाचं नाव त्यानंतर.

मॅटर्निटी होमपासून सुरुवात करू, कारण तुझं मन तिकडे ओढ घेतंय हे पत्रातून दिसतं. "उद्यापासून ये" हे ऐकायला गोड लागतं. पण नुकत्याच पास झालेल्या मुलीला कुणी दुसऱ्या दिवशी लेबर रूममध्ये उभं करत असेल, तर बहुतेकदा आधीची सिस्टर अचानक सोडून गेलेली असते आणि रात्रीची ड्युटी रिकामी पडलेली असते. आता ती रात्र डोळ्यासमोर आण. डॉक्टर घरी, खाली वॉचमन, वर एक आयाबाई आणि तू. पहाटे तीनला बाळ आलं, रडलं. मिनिटाच्या आत गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन मांडीत दिलंस, वारही पूर्ण आली. तू बाळाला पुसायला, वजन करायला वळलीस. परत येऊन आईच्या पोटावर हात ठेवलास, तर बेंबीच्या खाली घट्ट गोळा लागायला हवा तिथं काहीतरी मऊ, सैल लागतंय. खालची चादर चाचपलीस, ओली.

पुढचं उत्तर तुला पाठ आहे, परीक्षेत लिहिलंयस. मदत बोलाव, गर्भाशय चोळ, मोठ्या सुईनं लाईन लाव, ऑक्सिटोसिनची ड्रिप सुरू कर, मूत्राशय रिकामं कर, वार पुन्हा तपास, कुठं फाटलंय का बघ, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड तयार ठेव, नाडी-बीपी लिही, रक्ताची सोय बघ. हे सगळं एकाच वेळी करायचं असतं आणि तुला दोनच हात आहेत. चोळणं थांबवून फोन करायचा, की फोन सोडून लाईन लावायची? प्रसूतीनंतरचा असा रक्तस्राव आवरला नाही, तर बाई दोन तासांतही जाऊ शकते. अनुभवी सिस्टर शेजारी असेल तर याच रात्री तू खूप काही शिकतेस. कुणीच नसेल, तर तू नर्सिंग सोडण्याचा विचार घेऊन घरी येतेस. घाबरवायला लिहीत नाही गं. बेळगावात आणि निपाणी-चिकोडीकडे उत्तम चालवलेली छोटी प्रसूतिगृहं आहेत. काहींनी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सी संघटनेचं 'मान्यता' प्रमाणपत्रही घेतलंय. म्हणून छोटं म्हणजे वाईट असं धरू नकोस. जाऊन विचार. नाईटला सीनियर सिस्टर असते का? फोन केल्यावर डॉक्टर किती मिनिटांत पोचतात? महिन्याला प्रसूती किती होतात? रक्त कुठून आणतात? चांगल्या ठिकाणी या प्रश्नांचा राग येत नाही. उलट, हे विचारणारी फ्रेशर त्यांच्या लक्षात राहते.

सर्टिफिकेटांचं मात्र स्पष्ट सांगते: मूळ कागद कुणाकडेही ठेवायचे नाहीत. ओरिजिनल दाखवायचे, त्यांनी पडताळून घ्यायचे, ॲटेस्टेड झेरॉक्स द्यायच्या, मूळ कागद पिशवीत घालून घरी आणायचे. "सगळ्याच देतात" असं ते म्हणतील. देत असतील. पण उद्या कौन्सिलच्या कामाला, सरकारी भरतीच्या पडताळणीला, दुसऱ्या नोकरीला तोच कागद लागतो, आणि तो सोडवायला हातापाया पडलेल्या मुली बऱ्याच आहेत. ही अट ते सोडणार नसतील, तर ते मॅटर्निटी होम तू सोड. पगाराचं म्हणशील, तर सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या निकालानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातल्या नर्सेसनाही महिन्याला किमान २०,००० रुपये मिळावेत अशी शिफारस केली होती. शिफारसच ती, बहुतेक ठिकाणी कुणी पाळत नाही. तरी बोलणी करायला बसताना हा आकडा माहीत असलेला बरा.

अजून एक हिशेब तू केलेला दिसत नाही. एम्सच्या नर्स भरतीच्या नॉरसेट परीक्षेला जीएनएमवाल्यांना किमान पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव मागतात. पंधरा खाटांच्या प्रसूतिगृहात तू दोन वर्षं कितीही जीव ओतून काम केलंस, तरी त्या फॉर्मवर ती दोन वर्षं मोजली जाणार नाहीत. वडिलांचा जीव सरकारी नोकरीत अडकलेला आहे ना, मग हे त्यांनाही सांग.

आता मोठं हॉस्पिटल. "फ्रेशर नको" हे तू अपमानासारखं घेतलंयस. त्यामागचं कारण बघ. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' कार्यक्रम आणला, लेबर रूम आणि प्रसूतीच्या ऑपरेशन थिएटरचा दर्जा सुधारण्यासाठी. त्यात एक आग्रह असा आहे, की लेबर रूममध्ये तयार झालेल्या नर्सला तिथून हलवू नये, दर दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या वॉर्डात फिरवू नये. बाळंतिणीच्या दृष्टीनं हे फार चांगलं आहे. पण त्यामुळं सरकारी रुग्णालयांत आत गेलेली नर्स आतच राहते. खासगी हॉस्पिटलांतही इनचार्ज सिस्टर आपली तयार झालेली माणसं सहजासहजी सोडत नाही. जागा रिकामी होते ती कुणाचं लग्न झालं, कुणी गल्फला गेली, कुणाला सरकारी ऑर्डर आली तर. अशी जागा पेपरात येत नाही. इनचार्ज सिस्टर शेजारच्या वॉर्डात कोण बरी आहे ते बघते, मॅट्रनला नाव सांगते, पुढच्या महिन्याच्या ड्युटी लिस्टमध्ये ते नाव चढतं.

म्हणजे तुझी 'अडकण्याची' भीती उलटी करून बघ. हॉस्पिटलच्या बाहेर थांबलीस तर त्या इनचार्जच्या नजरेला तू पडणारच नाहीस. आतल्या कुठल्याही वॉर्डात असलीस तर निदान शक्यता आहे. पण एक अट: त्या हॉस्पिटलात चालतं प्रसूती खातं असलं पाहिजे. हाडांच्या किंवा हृदयाच्या हॉस्पिटलात तुझी भीती शंभर टक्के खरी ठरेल.

शक्य असेल तर एक शब्द टाकून बघ: लेबर रूम नाही तर पीएनसी वॉर्ड द्या. बाळंतपणानंतर आई आणि बाळ राहतात तो हा वॉर्ड, फारसं कुणी मागत नाही. मुलींना तो कंटाळवाणा वाटतो, नातेवाइकांची गर्दी, रडणारी बाळं, डब्यांचे वास. पण डॉक्टर तेच, इनचार्ज बऱ्याचदा तीच, आणि लेबर रूममधून बाई बाहेर आली की पहिले धोक्याचे तास ती तुझ्याकडेच काढते. बाळाला छातीशी धरवणं, दूध येत नाही म्हणून घाबरलेल्या आईला आणि तिच्याहून जास्त घाबरलेल्या सासूला समजावणं, टाके बघणं, पॅड मोजणं, प्रसूतीनंतरही बीपी चढून झटके येऊ शकतात हे लक्षात ठेवून डोकं दुखतंय म्हणणाऱ्या बाईकडे दुर्लक्ष न करणं. हे सहा महिने नीट केलेली मुलगी लेबर रूममध्ये गेली, तर तिथल्या सीनियरांनाही न दिसणारं तिला दिसतं. माझं वैयक्तिक मत विचारशील, तर पहिल्या वर्षाला लेबर रूमपेक्षा पीएनसी जास्त शिकवते.

आणि मेडिकल वॉर्डच मिळाला तर? घे. एक वर्षासाठी घे, आणि सहा महिन्यांनी नर्सिंग सुपरिंटेंडेंटना लेखी अर्ज दे, की मला प्रसूती विभागात काम करायचंय. तोंडी बोललेलं मॅट्रन विसरतात. त्यांच्यापुढे रोज वीस मुली काहीतरी बोलत असतात. या काळात सहज न सापडणाऱ्या नसेतही लाईन लावायला शीक. रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून न हलण्याची सवय लाव. झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट देताना गुडघ्याचा झटका, श्वास आणि लघवी का मोजतात, त्याचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी का ठेवतात, हे कागदावर तुला येतंच; पण लघवीचं माप दर तासाला खरोखर लिहिण्याची शिस्त मेडिकल वॉर्डातच लागते. झटके आलेली गरोदर बाई लेबर रूममध्ये येते तेव्हा बाळ कसं काढायचं ते डॉक्टर बघतात, बाई जिवंत ठेवायला असल्याच हातांची नर्स लागते.

मैत्रिणीबद्दल. वशिला आपल्याकडे चालतो, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण पत्रात तूच लिहिलंयस, की तिचं नाव तुमच्या मिडवाइफरीच्या मॅडमनी सुचवलं. याला मी वशिला म्हणणार नाही. मॅडमनी तिचं काम पाहिलं होतं आणि शब्द टाकला. त्याच मॅडमना तू फोन केलास का? मुली पास झाल्या की कॉलेजकडे पाठ फिरवतात आणि मग अनोळखी एचआरच्या टेबलावर बायोडाटा ठेवत फिरतात. मॅडमना भेट, जिथं क्लिनिकल पोस्टिंग झाली त्या वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरना भेट. दुपारी ड्युटी बदलायच्या वेळेला जाऊ नकोस, ओव्हर देण्या-घेण्याच्या गडबडीत कुणाचं लक्ष नसतं. साडेतीन-चारच्या सुमारास जा.

बायोडाटात काय लिहायचं, असंही विचारलंयस. 'मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड' हे सगळ्यांच्या बायोडाटात असतं, ते काढून टाक. त्या जागी लिही, की नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही नोंदणी आहे, तिचा नंबर हा. प्रसूतीच्या पोस्टिंग कुठं झाल्या, किती आठवडे. आणि केस बुकातल्या, म्हणजे शिकताना भरायच्या नोंदवहीतल्या, प्रसूतींपैकी स्वतःच्या हातानं किती केल्या, किती नुसत्या पाहिल्या, ते वेगवेगळं लिही. आपल्याकडे केस बुक कशी भरतात हे मुलाखत घेणाऱ्या प्रत्येक सिस्टरला माहीत असतं, त्यामुळं खरा लहान आकडा लिहिणाऱ्या मुलीवर तिचा विश्वास बसतो. मुलाखतीत पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीची प्रगती नोंदायचा तक्ता, पुढे ठेवला तर भरता आला पाहिजे. बाळाचे ठोके ११० ते १६० मध्ये असावेत हे सगळ्याच सांगतात; ते कळ ओसरल्यावर लगेच, पूर्ण मिनिटभर ऐकायचे, हे थोड्याच सांगतात. 'डॉक्टरांना कधी बोलावशील' हा प्रश्न हमखास येतो. तिथं "मी सांभाळून घेईन" असं म्हणायचं नाही. फ्रेशरकडून त्यांना धाडस नको असतं, वेळेवर हाक मारणारी मुलगी हवी असते.

आता कन्नड. कोल्हापूरची वाट तुला का बरी वाटते ते तुझ्याच पत्रात आहे: "तिकडे मराठीत बोलता येईल." सीपीआरसारखं मोठं सरकारी रुग्णालय तिथं आहे, खासगी हॉस्पिटलंही आहेत, वाईट काहीच नाही. पण तुझं रजिस्ट्रेशन कर्नाटक नर्सिंग कौन्सिलचं. महाराष्ट्रात काम करायला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागेल, त्यासाठी बेंगळूरहून पडताळणी, ना-हरकत, फी, वाट पाहणं आलं. गोव्यालाही हेच लागू. त्यात खोलीचं भाडं, मेस. पहिल्या पगारात घरी पाठवायला काय उरेल? इकडे बायकांच्या मोफत बसप्रवासाच्या शक्ती योजनेमुळं खानापूर-बेळगाव बसचं तिकीट तुला लागत नाही. फक्त रात्री आठला सुटणाऱ्या ड्युटीनंतर तुझ्या गावाची शेवटची बस मिळते का, एवढं बघ. मिळत नसेल तर त्या दिवसांपुरती हॉस्पिटलच्या हॉस्टेलची सोय आधीच बोलून ठेव.

आणि कन्नडपासून पळून तू लांब जाणार कुठं? बेळगावच्या कुठल्याही लेबर रूममध्ये खानापूरची मराठी बाई एका टेबलावर असते आणि शेजारी सौंदत्ती-रामदुर्गची, जिला मराठीचा एक शब्द कळत नाही. कळा देणाऱ्या बाईशी दुभाष्यातर्फे बोलता येत नाही. "नोवु बर्तावेन्री?" कळा येतात का, "नीरु होग्यावेन्री?" पाणी गेलं का, "कूसु आडतैतेन्री?" बाळ हलतंय का. असली पन्नासेक वाक्यं एखाद्या कन्नड मैत्रिणीकडून घोटून घे, महिनाभरात जमतं. तू बाजारात कन्नड बोलतेस, बसमध्ये बोलतेस. वॉर्डात चुकायची लाज वाटते, एवढंच आहे ते. आपल्याकडे भाषेचा विषय निघाला की माणसं ताठ होतात. पण टेबलावरच्या बाईला त्या वादाशी काही देणंघेणं नसतं. आणि उलट बाजूही आहे. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यातून पावसाळ्यात रस्ता-नेटवर्कची मारामारी करत आलेली बाई जेव्हा तिच्याच बोलीत बोलणारी सिस्टर बघते, तेव्हा तिचा निम्मा ताण उतरतो. मुलाखतीत हे मुद्दाम सांग. दोन्ही भाषा येणारी नर्स या जिल्ह्यात हवीच असते.

वाट बघण्यासारखी एक जागा तू विचारातच घेतलेली नाहीस: चोवीस तास चालणारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि तालुक्याची रुग्णालयं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत कर्नाटकातल्या ९७ टक्के प्रसूती दवाखान्यांत झाल्याचं दिसतं, आणि साध्या प्रसूती अशा केंद्रांत स्टाफ नर्सच करते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागा जिल्हा पातळीवर निघतात. तुला 'खेड्यात परत' नको असेल, समजू शकते. पण एक माहिती म्हणून सांगते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या कामाला येतात का, याचा एक मोठा अभ्यास याच बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत झाला, १६२० बायकांवर, आणि गोळ्या देणाऱ्या, रक्त मोजणाऱ्या होत्या इथल्या एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या, सिस्टर. २००६ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला: औषध नसलेली गोळी दिलेल्या गटात १२ टक्के बायकांना असा रक्तस्राव झाला, खरी गोळी दिलेल्या गटात ६.४ टक्के. प्रसूतीतलं मोठं काम मोठ्या इमारतीतच होतं असं नाही. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या महिला आणि बालआरोग्याच्या संशोधनाचं काम आजही चालतं, आणि अशा कामाला गावात फिरणाऱ्या नर्सेस लागतात. तिथंही चौकशी कर.

एक प्रश्न मी तुला विचारते, उत्तर मला पाठवायची गरज नाही. तुला प्रसूतीचं काम का आवडतं याबद्दल तू लिहिलंस, "बाळ रडलं की सगळा शीण जातो." कधी कधी बाळ रडत नाही. पोटातच गेलेल्या बाळाची प्रसूतीही त्याच टेबलावर होते, तेवढ्याच कळांनी, आणि नंतर त्या बाईला तिच्या नातेवाइकांआधी तुलाच सामोरं जायचं असतं. तेही करायची तयारी आहे का बघ. आणि लेबर रूममध्ये बायकांवर ओरडायची एक जुनी वाईट चाल आहे, 'आता रडतेस, तेव्हा कळलं नाही का' छापाची. फ्रेशरवर ती फार लवकर चढते, कारण सीनियर तसंच करत असतात. तिथं तुला धीटपणा लागेल. सोबतीला एक बाई आत असू द्यावी, असं केंद्र सरकारचंच धोरण आहे. सासू-आई आत असली की आवाज आपोआप खाली येतो, एवढा व्यवहारी फायदा तरी सीनियरांना पटतो.

याच सदरासाठी जीएनएम झालेल्या एका मुलाचंही पत्र आलंय: मिडवाइफरी शिकलो, नोंदणी आहे, पण लेबर रूमच्या दारातूनही आत घेत नाहीत. भावा, ते दार तुझ्यासाठी खासगीत तरी लवकर उघडेल असं मला वाटत नाही, आणि खोटी आशा लावणार नाही. नवजात बाळांच्या आयसीयूकडे बघ. तिथं चांगल्या हातांना बाई-पुरुष विचारत नाहीत. १०८ च्या ॲम्ब्युलन्सचंही बघ, तिथं तर कधी कधी रस्त्यातच बाळ होतं.

परत तुझ्याकडे. आमचा सल्ला एका वाक्यात हवा असेल तर: मोठ्या हॉस्पिटलला हो म्हण, पीएनसी माग, नाही मिळालं तर मेडिकल वॉर्ड घे. वर्षभरात लेखी अर्ज देऊनही काही हललं नाही, तर अनुभवाचं पत्र घेऊन चांगल्या छोट्या प्रसूतिगृहात जा. तोवर नाईटला एकटी उभी राहण्याइतकी तू तयार झालेली असशील. अनुभवाच्या पत्रावर हॉस्पिटलच्या खाटांची संख्या, तुझे वॉर्ड आणि तारखा लिहून घ्यायला विसरू नकोस. पुढे कधी प्रसूतीतच खोल जायचं ठरवलंस, तर नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरीचा अठरा महिन्यांचा कोर्स आहे. त्याचा विचार हात तयार झाल्यावर.

वडिलांचं म्हणणं चूक नाही, फक्त घरी बसून अभ्यास करायची अट त्यातून काढायला हवी. वर्षभर घरी बसलेल्या नर्सचे हात मंदावतात, आणि मुलाखतीत 'मधल्या काळात काय केलं' याचं उत्तर देता येत नाही. अभ्यास ड्युटी करूनही होतो, मुली करतात. त्यांना एक काम दे, त्यांनाही बरं वाटेल. महाराष्ट्र सरकारच्या भरतीत, महाराष्ट्रानं दावा केलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना अर्ज करता येतो. त्यासाठी तिथल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. तुमचं गाव त्या यादीत आहे का, हे त्यांनी आधी बघावं, असेल तर दाखल्याच्या मागे लागावं. जाहिरात निघाल्यावर पळापळ करून हे दाखले वेळेत मिळत नाहीत. आणि कर्नाटकच्या भरतीसाठी दहावीला कन्नड विषय असल्याची मार्कलिस्ट वेगळी काढून ठेवा, आणि तिथली भाषेची अट नेमकी काय आहे ते जाहिरातीत बघा. दोन्हीकडचे कागद एकाच फाईलमध्ये राहू देत, आणि ती फाईल घरी, वडिलांच्या कपाटात.